जुमांजी: माकडं फसली, बाप जमला

श्रोतेहो, नमस्कार.

१९९५च्या डिसेंबरात अमेरिकेत 'जुमांजी' लागला, तेव्हा तिथल्या बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. साडेसहा कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमानं जगभरात सव्वीस कोटींच्या वर गल्ला जमवला. पुढे केबलच्या कृपेनं आपल्याकडच्या घराघरांतही तो पोचला.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. १९६९ साल. बुटांच्या कारखानदाराचा मुलगा अ‍ॅलन एका अजब पटावर फासे टाकतो आणि तो खेळच त्याला गिळून टाकतो. पाच किंवा आठचं दान पडेपर्यंत सुटका नाही! २६ वर्षांनी जुडी आणि पीटर ही पोरकी भावंडं तोच पट मांडतात, पाच पडतात, आणि दाढीजटा वाढलेला, अंगाला पानं गुंडाळलेला मोठा अ‍ॅलन, म्हणजे नट रॉबिन विल्यम्स, घरात अवतरतो. मग माकडं, गेंडे, पूर, सगळं गावभर.

रॉजर एबर्ट या नामवंत समीक्षकानं याला चारपैकी दीड तारे दिले. लहान मुलं घाबरतील, ही त्याची मुख्य तक्रार. शिवाय सिनेमाची बांधणी व्हिडिओ गेमसारखी आहे, एक संकट संपलं की दुसरं हजर, असंही तो म्हणाला. संगणकावर केलेल्या प्राण्यांबद्दलही कुरकुर झाली. ती रास्तच होती. स्वयंपाकघरात धुडगूस घालणारी ती माकडं आज पाहा, पार रबरी वाटतात.

पण भीतीच्या तक्रारीशी माझं जमत नाही. ही भीतीचीच गोष्ट आहे हो. अ‍ॅलनच्या मागे बंदूक घेऊन लागलेला शिकारी व्हॅन पेल्ट नीट बघा. त्याचं काम करणारा जोनाथन हाइड हाच अ‍ॅलनचा बापही झालाय. म्हणजे हा मुलगा जंगलात २६ वर्षं ज्याच्यापासून पळतोय, त्याचा चेहरा बापाचा आहे! सुरुवातीला बाप सांगतो, भीती वाटते त्याच्यासमोर उभं राहायचं. त्याच संध्याकाळी बोर्डिंग शाळेवरून दोघांचं वाजतं, यापुढे तुमच्याशी बोलणार नाही म्हणून पोरगा तोंड फिरवतो. शेवटी बंदूक रोखलेली असताना अ‍ॅलन पळत नाही. घाबरलोय म्हणतो, आणि बापाचं तेच वाक्य त्या शिकाऱ्याला ऐकवतो. खेळ संपतो, आणि पुढच्या क्षणी तो परत १९६९मध्ये, लहान झालेला. बाप घरी येतो, हा धावत जाऊन मिठी मारतो आणि कारखान्यातल्या पट्ट्यावर बूट आपणच ठेवला होता, हेही कबूल करतो. त्या बुटानं यंत्र बिघडून तिथल्या कामगाराची, बिचाऱ्या कार्लची, नोकरी गेलेली असते. गेंड्यांच्या पळापळीत हा धागा अनेकांच्या नजरेतून निसटला. ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या १९८१च्या मूळ चित्रपुस्तकात हा बापलेकाचा भाग नाहीच. तो सिनेमावाल्यांनी घातला, आणि माझ्या मते तीच त्यांची खरी कमाई.

गंमत पुढेच आहे. २०१७मध्ये जुमांजी पुन्हा आला, तो पट सोडून चक्क व्हिडिओ गेम होऊन! एबर्ट तेव्हा हयात नव्हता. समीक्षकांनी या वेळी बरंच कौतुक केलं, गल्लाही कितीतरी मोठा जमला. हसवतो छान, पण त्यात व्हॅन पेल्ट नुसता खलनायक आहे, कुणाचा बाप नाही.

जुना सिनेमा मुलांना दाखवणार असाल तर अगदी चिमुरड्यांना शेवटच्या कोळ्यांच्या वेळी मांडीवर घ्या. एबर्टचं तेवढं ऐकायला हरकत नाही.

नमस्कार.