फोन वाजला की बॅग भरायची

नमस्कार मंडळी. आज आइस हॉकी. हो हो, बर्फावरची हॉकी, पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते तिला पक म्हणतात, आणि एका वेळी दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण. बाकीचे नियम यूट्यूबवर बघा, मला त्यात वेळ घालवायचा नाहीये कारण मला एका माणसाची गोष्ट सांगायचीये आणि ती पूर्ण सांगितल्याशिवाय मी काही माईक सोडत नाही.

पण आधी थोडं समजून घ्या. अमेरिका-कॅनडात सगळ्यात वरची लीग म्हणजे एनएचएल, आज 32 टीम्स, टीव्ही, पैसा, नाव सगळं तिथे. तिच्या खाली एएचएल, म्हणजे अमेरिकन हॉकी लीग, ही 1936 पासून चालू आहे, आणि तिच्याही खाली ईसीएचएल. या खालच्या सगळ्या मायनर लीग. वरच्या टीमला जोडलेली खाली एक टीम असते. वर कोणाचा गुडघा गेला की खालच्याला फोन, गुडघा बरा झाला की हा परत खाली. आपल्याकडे गिरणगावातल्या जुन्या लोकांना बदली कामगार म्हटलं की लगेच कळेल, गेटवर उभं राहायचं, कायमवाला कोणी आला नाही तर आत घेणार. तसंच हे.

आणि पगार? टू-वे कॉन्ट्रॅक्ट म्हणून प्रकार असतो, एकच माणूस, वर असेल त्या दिवशी वरचा रेट, खाली असेल त्या दिवशी खालचा. 2015-16 च्या सीझनला एनएचएलमधला कमीत कमी पगार वर्षाला 5 लाख 75 हजार डॉलर होता, खाली त्यातला एक छोटा तुकडा. ईसीएचएलमध्ये तर आठवड्याचा पगार, राहायची सोय टीमची, आणि बस. रात्रभर बस. परत सांगतो, एनएचएलमधले दहातले जवळजवळ नऊ जण एएचएलमधून आलेले असतात, पण एएचएलमधले सगळे वर जातात असं अजिबात नाही, कित्येकांची पस्तिशी तिथेच येते.

एक नाव सांगून पुढे जातो, रॉबिन बावा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातला, पंजाबी घरातला मुलगा, एनएचएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू. किती सामने? 61. बाकी करिअर फोर्ट वेन, मिलवॉकी अशा गावांच्या मायनर लीग टीम्समध्ये. आपल्याकडे परदेशात कोणी डेप्युटी मेयर झाला तरी पेढे वाटतात, याचं नाव मात्र कोणाला माहीत नाही, असो.

तर आता आपली गोष्ट. जॉन स्कॉट. उंची सहा फूट आठ इंच. मिशिगन टेकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि कॉलेजची हॉकी. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स दरवर्षी नवीन पोरं निवडतात त्यात, त्याला कोणीही घेतलं नाही. 2006 मध्ये ह्यूस्टनच्या एएचएल टीममध्ये लागला, ह्यूस्टन म्हणजे टेक्सास, बाहेर उकाडा आणि आत बर्फ, आणि 2008-09 च्या सीझनला पहिल्यांदा वर खेळला. त्याचं काम काय? गोल करणं नाही. मारामारी. आपल्या स्टार खेळाडूला कोणी हात लावला तर हातमोजे काढून त्याच्याशी भिडायचं, मग पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचं. (आणि इकडे आपण इंजिनिअर झालेल्या पोराला नोकरी मिळेना म्हणून रडतो, या इंजिनिअरची नोकरी बघा.) मिनेसोटा, शिकागो, न्यूयॉर्क, बफलो, सॅन होजे, ॲरिझोना असं फिरत फिरत 285 सामने झाले. गोल किती? पाच. 285 सामन्यांत पाच.

2016 च्या जानेवारीत एनएचएलचा ऑल-स्टार गेम होता, म्हणजे लीगमधल्या निवडक स्टार खेळाडूंचा प्रदर्शनी सामना. लीगच्या चार विभागांच्या, म्हणजे डिव्हिजनच्या, चार टीम्स, चार कॅप्टन, आणि कॅप्टन फॅन्सनी इंटरनेटवर मत देऊन निवडायचे. आता इंटरनेटवर पब्लिकच्या हातात मतदान दिल्यावर काय होतं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकलेल्या कुठल्याही सेक्रेटरीला विचारा. एका पॉडकास्टवर गंमत म्हणून स्कॉटचं नाव निघालं, लोकांनी उचलून धरलं आणि हा पठ्ठ्या सगळ्या खेळाडूंमध्ये सगळ्यात जास्त मतं घेऊन पॅसिफिक डिव्हिजनचा कॅप्टन झाला. सगळ्यात जास्त, हां.

लीगचं तोंड कडू. त्याला सांगितलं, तूच नाव मागे घे. तो आधी थोडा डळमळलाही होता, लोक आपली टिंगल करतायत हे त्याला कळत होतंच की. पण त्याने नंतर स्वतः लिहिलंय, लीगमधल्या एका माणसाने त्याला विचारलं, तुझ्या मुलांना याचा अभिमान वाटेल असं वाटतं का तुला? झालं. तिथे तो पेटला. घरी दोन लहान मुली, बायकोला जुळं होणार, दिवस भरत आलेले.

आणि 15 जानेवारीला फोन. ट्रेड. ॲरिझोनाने त्याला मॉन्ट्रियलला दिला आणि मॉन्ट्रियलने थेट खाली पाठवला, एएचएलच्या सेंट जॉन्स आइसकॅप्सकडे. सेंट जॉन्स कुठे? न्यूफाउंडलंड बेटावर, कॅनडाचं पूर्वेचं टोक, ॲरिझोनापासून पाच हजार किलोमीटरच्या वर. तिथलं घड्याळसुद्धा आपल्यासारखं अर्ध्या तासाच्या फरकाचं आहे, म्हणजे ग्रीनिचपासून साडेतीन तास, आपलं साडेपाच, कामाची माहिती नाही पण मला आवडते. तर वाळवंटातून उचलला आणि अटलांटिकच्या काठावर टाकला, बायको आठ-नऊ महिन्यांची. आणि आता तो एनएचएलच्या टीममध्येच नाही म्हटल्यावर ऑल-स्टार कसा खेळणार? लोकांना वास आला. एवढा आरडाओरडा झाला की चार दिवसांत लीगला जाहीर करावं लागलं, स्कॉट खेळेल आणि कॅप्टनच असेल.

31 जानेवारी, नॅशव्हिल. मायनर लीगमधला माणूस जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूंचा कॅप्टन. तीन विरुद्ध तीनचा वेगवान खेळ, याला झेपेल का अशी सगळ्यांना शंका. आणि पहिल्याच मिनिटात गोल कोणी मारला? स्कॉटने! मग समोरच्या टीममधला स्टार पॅट्रिक केन, त्याच्याबरोबर लुटुपुटूची मारामारी करून दाखवली, आणि पुढे गोलकीपरसमोर एकटा जाऊन दुसरा गोल. 285 सामन्यांत पाच आणि इथे एका सामन्यात दोन! टीमने तो सामना 9-6 जिंकला, फायनल 1-0 जिंकली, दहा लाख डॉलरचं बक्षीस. आता एमव्हीपीसाठी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या मानासाठी, लीगने ट्विटरवर तीन नावं टाकली, त्यात याचं नाव नाहीच. लोक ऐकतात होय? तीन नावं बाजूला ठेवून चौथं लिहिलं, स्कॉट, स्कॉट, स्कॉट, आख्खं स्टेडियम एमव्हीपी एमव्हीपी ओरडतंय, आणि टीममधल्या पोरांनी त्या अवाढव्य माणसाला खांद्यावर घेतला. एमव्हीपी तोच. त्याचं हेल्मेट टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमने मागून घेतलं.

मला यात एक गोष्ट जाम आवडते, ती म्हणजे ज्यांचे पगार याच्या दहापट ते खेळाडू सगळे याच्या बाजूने होते. त्यांना माहीत होतं ना, त्यातल्या कित्येकांनी खालच्या लीगच्या बसमध्ये झोपा काढल्या होत्या, फोनची वाट बघितली होती. साहेब लोकांना नव्हतं माहीत.

पुढे? काही दिवसांतच जुळ्या मुली झाल्या. स्कॉट परत सेंट जॉन्सला, परत एएचएल. एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलने एका सामन्यापुरतं वर बोलावलं, एकच हां, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने रिटायरमेंट जाहीर केली. रेकॉर्डबुकात आज बघितलंत तर 286 सामने, पाच गोल असंच दिसेल, ऑल-स्टारचे गोल त्यात धरत नाहीत.