मे महिन्यात गळणारी गच्ची

(मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात एका भांडणाने करतो. माझा मावसभाऊ दादरला, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या दिवाणखान्याच्या फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग पडला, कडेने काळी बुरशी. भाऊ म्हणाला, गच्ची गळते. सोसायटी म्हणाली, तुम्हीच वर कुंड्या ठेवता. दोन सभा त्यावर गाजल्या, वॉटरप्रूफिंगचं कोटेशनही आलं. मी त्यांच्याकडे आमरसाला गेलो होतो. वर पाहिलं, डाग ओला. म्हटलं, "अरे, पाऊस कधी पडला?"

सीलिंगचा एक तुकडा उतरवला. आत डक्टेड एसीचा पत्र्याचा डक्ट, म्हणजे थंड हवा खोल्यांत नेणारा बोगदा, त्याला गुंडाळलेलं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, आणि वरची चंदेरी फॉइल दोन हात उसवलेली. ग्लासवूल मुठीत दाबलं तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं. पुढे दोन दिवस हात खाजत होता, तो भाग वेगळा.

फ्रीजमधल्या पाण्याच्या तांब्याला घाम सुटतो, तोच हा प्रकार. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असली, की साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. डक्टमधली हवा १२ ते १४ अंशांची. म्हणजे मुंबईत उघडा डक्ट घामेजणारच. म्हणून आपल्याकडे इन्सुलेशन किती जाड, याच्याइतकंच ते किती बंदिस्त, हे महत्त्वाचं. फॉइल एका जागी फाटली की दमट हवा आत शिरते, ग्लासवूल भिजतं, आणि भिजलेलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही. ओल्या गोधडीने कुणाची थंडी भागते का?

आता बिलाकडे येऊ. वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते आणि ती डक्टमधल्या थंड हवेच्या माथी बसते. एसी एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता उपसतो असं धरलं, तर लिटरमागे ०.२ युनिट वीज. १५ लिटरची बादली भरली की ३ युनिट, तेही डाग पाडण्यासाठी! आणि आपलं बिल टप्प्याटप्प्याने महागतं, त्यामुळे वाया गेलेली युनिटं सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातली असतात.

अमेरिकेत घरोघरी डक्ट असतात, थंडीत त्यांतूनच गरम हवाही येते. तिथल्या सरकारी एनर्जी स्टार कार्यक्रमाचा अंदाज आहे की, साधारण घरात डक्टमधल्या हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीत जाते. हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका, पण क्रम मात्र उचला: आधी जोड बुजवा, मग गुंडाळा. जोडांना सीलंट किंवा चांगली फॉइल टेप हवी. कापडी डक्ट टेप नको. अमेरिकेतल्याच बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ साली निरनिराळ्या टेपांची परीक्षा घेतली, त्यात नापास झाली ती नेमकी डक्ट टेप. नावात काय आहे म्हणतात, ते असं.

"आमच्याकडे डक्टच नाही," असं पुढच्या रांगेतले काका मघापासून पुटपुटताहेत. काका, तुमच्या स्प्लिट एसीला तांब्याच्या दोन नळ्या आहेत ना? बहुतेक स्प्लिटमध्ये कॅपिलरी, म्हणजे गॅसचा दाब उतरवून त्याला गार करणारा भाग, बाहेरच्या युनिटमध्ये असते, त्यामुळे जाड आणि बारीक दोन्ही नळ्या गार असतात. दोन्हींना वेगवेगळं काळं नायट्रायल रबर हवं. बरेच फिटर एकाच आवरणात दोघींना कोंबतात. शिवाय खिडकीबाहेरचं रबर उन्हाने तडकतं, उरलेलं कावळे चोचीने उपटतात. नळीवर पाणी ठिबकताना दिसलं की मेकॅनिक म्हणतो, "गॅस भरावा लागेल." भरू द्या, पण आधी उघड्या नळीला रबर चढवून, चिकटवून, वरून टेप गुंडाळायला सांगा. ते काम स्वस्त असतं, म्हणून कुणी आपणहून सुचवत नाही.

भावाकडे डक्टचं काम दोन दिवसांत उरकलं. पुढच्या पावसाळ्यातही डाग आला नाही. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मात्र सोसायटीच्या फाइलीत अजून आहे. सेक्रेटरी म्हणतात, "असू दे, गच्ची कधीतरी गळेलच."