वानखेडे: जागा तीच, छत नवे

आकाशातून घेतलेल्या या दृश्यात वानखेडे स्टेडियमची अडचण चटकन लक्षात येते. पूर्वेच्या भिंतीला जवळजवळ खेटून पश्चिम रेल्वेचे रूळ गेले आहेत, पश्चिमेला काही पावलांवर मरीन ड्राइव्ह आणि समुद्र आहे, आणि मधल्या पट्ट्यात मैदानाला हातपाय पसरायला जागा उरलेली नाही. तरीही 2011 च्या विश्वचषकासाठी स्टेडियम आधुनिक करण्याची वेळ आली, तेव्हा मुंबई क्रिकेट संघटनेने ते शहराबाहेर न हलवता आहे त्याच जागी नव्याने उभारले. विरारहून निघालेला प्रेक्षक एकाच लोकलने चर्चगेटला उतरून चालत फाटकापाशी पोहोचतो. ही सोय दुसरीकडे कितीही पैसा ओतला तरी बांधता आली नसती.

या जागेचा इतिहासही हट्टाचाच आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये संघटनेच्या वाट्याला येणाऱ्या तिकिटांवरून वाद विकोपाला गेला, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतःचे स्टेडियम उभारायचे ठरवले. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यावरून सुमारे वर्षभरात काम उरकले आणि जानेवारी 1975 मध्ये येथे पहिली कसोटी झाली, जिच्यात वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद 242 धावा केल्या. पुढे तीन दशके मुंबईकरांनी येथे क्रिकेट पाहिले ते काँक्रीटच्या पायऱ्यांवर, घामाघूम होऊन. पूर्वेच्या बाजूला बसणाऱ्याच्या तर दुपारनंतर थेट डोळ्यांवर ऊन येत असे.

म्हणूनच नूतनीकरणातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे हे पांढरे छत. ते टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचे आहे, त्यामुळे वजनाला हलके आहे आणि उष्णतेला दाद देत नाही. कॅमेरा आता खाली येईल, तेव्हा छताची पुढची कड नीट पाहा: तिच्याखाली एकही खांब नाही. छताचा सारा भार मागच्या बाजूने पेलला जातो, आणि छत्री खांद्यावर टेकवून धरावी तसे ते प्रेक्षकांच्या डोक्यावर पुढे झुकलेले आहे. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही गोलंदाजाच्या धावेपासून सीमारेषेपर्यंत सलग दिसते. छतावर बसवलेले पंखे स्टँडमध्ये कोंडलेली गरम हवा वर खेचून बाहेर टाकतात आणि तिची जागा घ्यायला पश्चिमेकडून समुद्राचा वारा आत येतो. समुद्राशेजारी असण्याचा लाभ प्रेक्षकाच्या पाठीला मिळायला पस्तीस वर्षे लागली, हे येथे नमूद केले पाहिजे.

उत्तर आणि दक्षिण स्टँडची तर पूर्ण नव्याने रचना झाली. या वेळी प्रभू यांच्यासोबत पी. के. दास हेही वास्तुविशारद होते. पायऱ्यांच्या जागी प्रत्येकाला पाठ टेकता येईल अशी स्वतंत्र खुर्ची आली, आणि या दोन स्टँडसाठी मिळून 20 लिफ्ट बसवण्यात आल्या. काम चालू असताना डिसेंबर 2009 मधील श्रीलंकेविरुद्धची कसोटी, ज्या ब्रेबॉर्नशी भांडून वानखेडे उभे राहिले, त्याच ब्रेबॉर्नवर खेळवावी लागली, आणि 36 वर्षांनी त्या मैदानावर कसोटी क्रिकेट परतले.

2 एप्रिल 2011 च्या रात्री याच छताखाली भारताने विश्वचषक जिंकला. खुर्च्या ऐसपैस झाल्या, तशी आसने मात्र पूर्वीपेक्षा काही हजारांनी घटून 33,000 च्या आसपास आली, आणि संलग्न क्लब व इतर वाटेकरी वजा जाता त्या अंतिम सामन्याची जेमतेम 4,000 तिकिटे खुल्या विक्रीला उरली.

आता एक लाख प्रेक्षकांचे नवे स्टेडियम मुंबईबाहेर, ठाणे जिल्ह्यात उभारण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. तेथील तिकिटे किती जणांना मिळतील यावर पुष्कळ बोलले जाते. सामना संपल्यावर रात्री अकरा वाजता तेवढी माणसे घरी कशी जातील, यावर अद्याप पुरेसे बोलले गेलेले नाही.