सातपुड्याच्या वाटेवर कोणी कोणासाठी थांबावं

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस उघडला की शहाद्यापासून रावेरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटा गजबजतात. कापसाच्या वेचणीला ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात, केळीच्या मळ्यांकडे मालट्रक वळतात. पाड्यापाड्यांतून माणसं नेणाऱ्या जीपा तर बारमाही असतात. त्यात आता शनिवार-रविवारी धुळे, जळगाव, नाशिककडून मोठ्या चाकांच्या फोर-बाय-फोर गाड्या येतात, डोंगर चढायच्या हौसेनं घेतलेल्या मोटारसायकली येतात. डांबर संपलं की हे सगळे एकाच गाडवाटेवर उतरतात. त्या वाटेवर एकमेकांशी कसं वागायचं, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

मी या पट्ट्यात जीप चालवतो. घरी शेती आहे, त्यामुळे ट्रॅक्टरवरही बसतो. म्हणून सगळ्यांच्या तक्रारी कानावर येतात. ट्रॅक्टरवाले म्हणतात, ही हौशी मंडळी वाट नासवतात. मोटारसायकलवाली पोरं म्हणतात, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल की आमचे पाय जमिनीला टेकतात. जीपवाले दोघांवरही चिडलेले. प्रत्येकाच्या बोलण्यात तथ्य आहे. पण चाक कोणाचं, हे माती विचारत नाही. ती ओली होती की कोरडी, आणि चाक फिरलं की घसरलं, एवढ्यावरच तिचं ठरतं.

आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे कपाशी लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ओल्या मातीवरून जड चाक गेलं की तिच्यातल्या पोकळ्या दाबल्या जातात. मग पाणी मुरायचं थांबतं आणि चाकोरीतून वाहायला लागतं. सपाट शिवारात डबकं साचतं, तेवढ्यावर निभावतं. उतारावर गोष्ट वेगळी. चढावर मोटारसायकलचं मागचं चाक जागच्या जागी फिरलं की वीतभर रुंदीचा चर पडतो आणि पुढच्या पावसाचं पाणी नेमकं त्याच चरातून धावतं. वाहत्या पाण्याला एकदा उतार सापडला की ते मातीचं काय करतं, हे तापीकाठच्या घळी पाहिलेल्या माणसाला माहीत आहे. हलकी गाडी म्हणजे कमी नुकसान, हा समज म्हणूनच मला मान्य नाही. सपाटीवर तो खरा असेल, चढावर नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वाटेच्या बाहेर होतं. मधे चिखल दिसला की पहिली गाडी डावीकडून जाते. तिथंही चिखल झाला की दुसरी आणखी बाजूनं जाते. पावसाळा संपेपर्यंत एका गाडीची वाट चार गाड्यांएवढी पसरते, आणि ती पसरते कोणाच्या तरी बांधावर, कोणाच्या तरी चाऱ्याच्या गवतावर. चिखल फार खोल नसेल तर खालच्या गिअरमध्ये, चाक न घसरवता, मधूनच जा. खोल असेल तर परत फिरा. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल ओसरल्याशिवाय, आपण शेतात औत घालत नाही, तसं वाफसा आल्याशिवाय वाटेवर गाडी घालू नये. ज्याला दवाखान्यात किंवा बाजाराला जायचंच आहे, त्याचा इलाज नाही. हौसेसाठी निघालेल्याला मात्र दोन दिवस थांबता येतं.

आता समोरासमोर आल्यावर कोणी थांबायचं? अरुंद घाटात उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा रहदारीचा नियमच आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचल घेणं जड जातं आणि तिचं चाक घसरून माती उखडते, म्हणून तो नियम. पण गाडवाटेवर एवढ्यानं भागत नाही. भरलेली ट्रॉली मागे घेणं किती अवघड आहे, हे ज्यानं घेतली त्यालाच कळतं. स्टिअरिंग थोडं जास्त फिरलं की ट्रॉली आडवी होते. बैलगाडी तर मागे सरतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून चढ-उतार काहीही असो, भरल्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला रिकाम्या जीपनं वाट द्यावी, आणि जीपला मोटारसायकलनं. ज्याला मागे सरणं सोपं, त्यानं सरावं. यात कमीपणा कसला?

बैल समोर आले की हॉर्न वाजवू नका, इंजिन बंद करा. गाडीवानाला हाक द्या, ‘कथा चालनात भाऊ?’, म्हणजे कुठे चाललात भाऊ, असं अहिराणीत विचारा. माणसाचा आवाज ऐकला की जनावरं बुजत नाहीत. साक्रीकडचे ठेलारी मेंढरं घेऊन निघालेले असतात, त्यांच्या घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं असतं, कधी त्यात लहान मूलही असतं. तिथं गर्दीतून गाडी रेटायची नाही. कळप पूर्ण सरेपर्यंत थांबायचं, मग कितीही वेळ लागो.

चार-पाच गाड्या एकत्र निघाल्या असतील तर समोरच्याला बोटांनी दाखवा की मागे आणखी किती आहेत. नाहीतर तो बिचारा पहिली गेली म्हणून वळणावर पुढे येतो. प्रत्येकानं आपल्या मागचा आरशात दिसतोय ना, हेही बघावं. आणि वेचणीच्या दिवसांत शिवारातून जाताना वेग पायी चालणाऱ्याएवढाच ठेवा. फुटलेल्या बोंडावर धूळ बसली की कापसाची प्रत उतरते आणि त्या शेतकऱ्याला भाव कमी मिळतो. केळीच्या भागात वाटेखालून ठिबकच्या पाइपलाइन गेलेल्या असतात, कडेला व्हॉल्व्ह उघड्यावर असतात. वाट सोडून बाजूनं गेलात की पहिल्यांदा तेच फुटतात. कुपाटीचं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, लावलेलं असेल तर गेल्यावर परत लावा.

नदीच्या कोरड्या पात्रात गाड्या पळवायची हौस फार वाढली आहे. मार्च ते मे या दिवसांत तापी-गिरणेच्या वाळूत आणि काठच्या मुरमाड जमिनीवर टिटवी अंडी घालते. घरटं असं नसतंच, आणि अंडी खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली की तिथून आल्या वाटेनं मागे जा.

जंगलात याहून जास्त जपायला हवं. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीनं दिसला नव्हता. तो नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं. १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. हा पक्षी दिवसा शिकार करतो, विरळ सागवानी जंगलात जमिनीवरचे सरडे, उंदीर टिपतो आणि झाडाच्या ढोलीत पिल्लं वाढवतो. म्हणजे आपण गाड्या घेऊन जातो त्याच वेळी तो कामात असतो. आपल्या मुलखाला मिळालेला हा मान आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि तो सांभाळायची जबाबदारीही आपलीच.

यावल अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी न्यायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते ठरवलेलं आहे. जंगलात झाडोरा काढलेले सरळ पट्टे दिसतात, त्या जाळरेषा. वणवा अडवायला वनखातं त्या दरवर्षी साफ करतं. ते रस्ते नाहीत. तिथं गाडीच्या चाकांनी चर पाडू नका. होळीच्या सुमारास पानगळ झाली की गवतावर गाडी उभी करणंही धोक्याचं, कारण तापलेल्या सायलेन्सरनं सुकं गवत पेट घेऊ शकतं.

दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला लोक रात्रीही चालत डोंगर चढतात. काठी गावच्या होळीला आणि त्याआधीच्या भोंगऱ्या बाजाराला पाड्यापाड्यांतून माणसं पायी येतात. त्या दिवसांत वाट चालणाऱ्यांची असते. जीपवाल्या बांधवांनो, टपावर माणसं बसवून घाई करू नका. हौशी मित्रांनो, तुमचे जादा दिवे चालणाऱ्यांच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे खाली वळवा.

माझी एक मागणी आहे. पांझरेकाठी फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाळीनं घ्यायची आणि पाट सगळ्यांनी मिळून साफ करायची रीत आपल्या वाडवडिलांनी घातली. तशी बैठक गावच्या वाटेसाठी का होऊ नये? ट्रॅक्टरवाले, जीपवाले आणि मोटारसायकलवाली पोरं, तिघांनाही बोलवा. उतारावर जिथं चाकोरी खोल गेली आहे, तिथं ट्रॉलीभर दगड तिरपे आडवे लावा आणि पाणी कडेच्या गवतात काढून द्या. वनहद्दीत असेल तर आधी वनपालांना विचारा. दसऱ्याच्या सुमारास माती थोडी ओलसर असते, दगड चांगले बसतात. यंदा तेव्हाच करून घ्या.

नमस्कार.