जायफळाच्या बेटावरचं चॉकलेट

मंडळी, आपल्याकडे पोफळीच्या आगरात जायफळ असतंच, तसं आता कुणाकुणाकडे कोकोही असतो. माझ्याकडे अकरा झाडं आहेत. फळ थेट खोडाला लागतं, आणि ते पिकल्याचं आपल्याआधी खारींना कळतं. फोडलं की पांढऱ्या, बुळबुळीत गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. गर आंबटगोड, चोखून खावा असा. पण बी चावून बघा. कडू, तुरट, चॉकलेटचा मागमूस नाही. या बीची वडी होईपर्यंतची कामं कुठे होतात आणि कुणाच्या हातून होतात, त्यावर वडीचा पैसा कुठे जाणार हे ठरतं. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला ग्रेनाडाला न्यायचं आहे.

कॅरिबियन समुद्रातलं हे एवढंसं बेट. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, आणि देशाच्या झेंड्यावर चक्क जायफळ. कोकोही तिथे पिढ्यान्‌पिढ्या पिकतो, तोही नावाजलेल्या चवीचा. पण वाळवलेल्या बिया पोत्यांत भरायच्या, जहाजावर चढवायच्या, आणि चॉकलेट करायचं ते युरोप-अमेरिकेनं, अशीच रीत होती. ज्यांनी जन्मभर कोको काढला त्यांना आपल्याच कोकोची वडी चाखायला मिळत नव्हती.

१९९९ साली तिघांनी हे मोडायचं ठरवलं. मॉट ग्रीन आणि डग ब्राउन हे दोघं अमेरिकेतून आलेले, तिसरा एडमंड ब्राउन बेटावरचाच. सेंट पॅट्रिक भागातल्या हर्मिटेज गावात त्यांनी ग्रेनाडा चॉकलेट कंपनी काढली. मोठ्या कारखान्यांची यंत्रं त्यांच्या कामाची नव्हती, कारण ती रोज टनांनी माल मागतात. मग शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीची छोटी यंत्रं शोधून दुरुस्त केली, काही स्वतः बनवली, आणि ती सौरऊर्जेवर चालवली.

यात सगळ्यात अवघड काय असेल? भाजणं नाही, दळणंही नाही. अवघड आहे ते गारवा राखणं. कोकोच्या बीत जवळजवळ निम्मं वजन कोको बटरचं असतं. हे बटर सहा तऱ्हांनी गोठतं आणि त्यातली एकच तऱ्हा आपल्या उपयोगाची. म्हणून वितळलेलं चॉकलेट पंचेचाळीस अंशांच्या आसपास न्यायचं, सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवायचं, पुन्हा एकतीस-बत्तीसवर आणायचं आणि मग साच्यात ओतायचं. हे जमलं तर वडी चकाकते आणि मोडताना कट्‌ असा आवाज येतो. मी गेल्या मे महिन्यात घरी करून पाहिलं. चवीला बरं होतं, पण चौथ्या दिवशी वडीवर राखाडी-पांढरे ढग आले. शेजारच्या काकूंना ती बुरशी वाटली. बुरशी नव्हती, बटर चुकीच्या तऱ्हेनं गोठून वर आलं होतं. खायला चालतं, विकायला नाही. आता विचार करा, विषुववृत्तापासून बारा अंशांवरच्या बेटावर हे बारा महिने करायचं, आणि पुढे चौतीस अंशांना वितळणारा माल समुद्रापार धाडायचा.

२०१२ साली त्यांच्या वड्या ‘त्रेस ओम्ब्रेस’ नावाच्या, इंजिन नसलेल्या शिडाच्या जहाजातून युरोपात गेल्या आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये सायकलस्वारांनी त्या वाटल्या. त्याची खूप वाहवा झाली, व्हायलाच हवी होती. पण माझ्या मते मोठं काम त्याच्या कितीतरी आधी, आंबवण्याच्या पेटीपाशी झालं होतं.

ते काम बघण्यासारखं असतं. ओल्या बिया लाकडी पेटीत भरतात, वर केळीची पानं घालतात. गर आंबतो, पेटी इतकी तापते की हात आत ठेववत नाही, आणि आधी दारूचा, मग शिरक्याचा वास सुटतो. अधूनमधून उलथून आठवडाभर हे चालतं. चॉकलेटची चव इथे जन्मते. आंबवण्यात घाई झाली तर पुढे स्वित्झर्लंडचं यंत्र आणलं तरी चव येत नाही. मग बिया उन्हात पसरतात आणि बायका-पुरुष अनवाणी पायांनी, पावलं घासत त्यातून फिरतात, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऊन लागतं. ढग आला की चाकांवरचे ताट छपराखाली ढकलायचे. पोत्यातल्या कोकोला या मेहनतीचा भाव मिळत नाही, तिथे चांगलं-वाईट एकत्र होतं. हर्मिटेजमध्ये आंबवणारे आणि वडी करणारे एकाच व्यवस्थेत आले. सेंद्रिय कोको काढणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, त्यांना चालू भावापेक्षा जास्त मिळू लागलं. लंडनच्या अकॅडमी ऑफ चॉकलेटची रौप्यपदकं या वड्यांना मिळाली ती याच्या जोरावर, असं मी मानतो.

कुणी म्हणेल, आयव्हरी कोस्टमध्येही आता कोकोवर प्रक्रिया होते. होते, आणि प्रचंड होते. पण तिथून बाहेर जातो तो बहुतांशी लगदा, बटर आणि पावडर. दळलं म्हणजे चॉकलेट झालं असं नाही. साचा, वेष्टन, वेष्टनावरचं नाव आणि दुकानाच्या फळीवरची जागा, खरा पैसा तिथे आहे. तिथवर गावाचं नाव घेऊन पोचणं हे ग्रेनाडानं करून दाखवलं.

सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हान वादळ आलं. बेटावरची बहुतेक घरं मोडली, जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. आपल्यातल्या ज्यांची आगरं निसर्ग चक्रीवादळात गेली त्यांना हे सांगायला नको. जायफळ पुन्हा धरायला सात-आठ वर्षं लागतात, कोको तीन-चार वर्षांत फळतो. त्या वेळी बेटावर चॉकलेटचा कारखाना होता, कोको लावायला शेतकऱ्याकडे कारण होतं.

मॉट ग्रीन १ जून २०१३ रोजी गेले. वय सत्तेचाळीस. परदेशी जाणारं चॉकलेट प्रवासात गार राहावं म्हणून ते सौरऊर्जेवरच्या एका यंत्रावर काम करत होते, तिथे विजेचा धक्का बसला. मघाशी गारव्याबद्दल इतका वेळ का घेतला, ते आता लक्षात आलं असेल. कंपनी थांबली नाही. एडमंड ब्राउन आणि गावकऱ्यांनी ती चालू ठेवली, आणि आज त्या चिमुकल्या बेटावर तिच्याखेरीज आणखी काही जण स्वतःच्या झाडांच्या कोकोपासून वड्या करतात.

येताना डब्यात माझ्या आगरातल्या आंबवून वाळवलेल्या बिया आणल्या आहेत. एकेक घ्या, साल काढा आणि चावा. मघाशी सांगितलेल्या कच्च्या बीची चव आणि ही चव, यात आठवडाभराचं आंबवणं आणि आठवडाभराचं ऊन आहे.