तुलोऊमधला मुक्काम

नमस्कार, श्रोतेहो.

चीनच्या आग्नेयेला फुजियान प्रांत आहे. तिथलं समुद्रकाठचं शियामेन शहर मागे टाकून डोंगरात शिरलं की नानजिंग तालुका लागतो. इतिहासात आपण वाचतो ते नानजिंग वेगळं, ते पार उत्तरेला. या तालुक्यात, डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमध्ये थ्येनलुओखंग नावाचं गाव आहे. गाव म्हणजे काय, तर मातीच्या पाच अवाढव्य इमारती. मधे एक चौकोनी, भोवती तीन गोल आणि एक लंबगोल. वरच्या रस्त्यावरून पाहणारे चिनी पर्यटक त्यांना गमतीने ‘चार भाज्या नि एक सूप’ म्हणतात. अशा इमारतीला म्हणतात तुलोऊ. त्यातल्याच एकीत आम्ही उतरलो होतो.

काउंटर नाही, घंटी नाही. दारातून आत गेलो तर अंगणात कोंबड्या, विहीर, सुपांतून वाळत घातलेली चहाची पानं आणि भाजी निवडत बसलेल्या एक आजी. आमच्या बॅगा पाहून त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं.

इथली वाटणी मोठी मजेशीर. ती मजल्यांची नाही, उभी. तळाला स्वयंपाकघर, त्याच्या डोक्यावर धान्याची कोठी, आणि सगळ्यात वर निजायची खोली. हा सगळा उभा पट्टा एका घराचा, शेजारचा दुसऱ्या घराचा. जिने आणि सज्जे सगळ्यांचे. खोल्या साधारण सारख्याच. त्यामुळे “जरा चांगल्यातली खोली दाखवा” या आपल्या नेहमीच्या वाक्याला इथे काही अर्थच उरत नाही. तरुण मंडळी कामाधंद्यासाठी शहरात गेली, वरच्या खोल्या रिकाम्या पडल्या, आणि तिथे आता आपल्यासारखे पाहुणे झोपतात. हॉटेल झालं ते असं.

ही घरं बांधली ती लुटारूंच्या धास्तीने. हाक्का नावाच्या चिनी समाजातल्या लोकांची अख्खी भावकी एका भिंतीच्या आत राहायची. भिंत ठोकून ठोकून बसवलेल्या मातीची, मीटरभराहून जाड, आत बांबूच्या पट्ट्या. खालच्या मजल्यांना बाहेरच्या बाजूने खिडकी नाही. आत शिरायला मोठं दार एकच. शेजारच्या योंगदिंगमध्ये १७०९ साली पुरी झालेली छंगछीलोऊ तर एकात एक अशी चार कड्यांची आहे, खोल्या जवळजवळ ४००. २००८ साली युनेस्कोने यातल्या ४६ इमारती जागतिक वारशात घेतल्या. थ्येनलुओखंगच्या पाचही त्यात आहेत. मधली चौकोनी मूळची १७९६ ची. एवढा बंदोबस्त करूनही १९३६ मध्ये लुटारूंनी ती जाळलीच, मग १९५३ मध्ये पुन्हा उभी राहिली. आणि लंबगोल इमारत १९६६ सालची, म्हणजे वयाने माझ्याहून धाकटी!

आता संडासाचं. खोलीत नाही, मजल्यावरही नाही. रात्री टॉर्च घेऊन, लाकडी जिने करकरवत खाली यायचं. आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ यावरून फार वैतागले होते. मला विचाराल तर या घरांत खोलीखोलीला नळ आणि मोऱ्या काढूच नयेत. मातीच्या भिंतीला खरं भय पाण्याचं. छपराच्या वळचणी एवढ्या लांब बाहेर काढल्यात त्या भिंतीवर पाऊस येऊ नये म्हणून. वरच्या मजल्यावरचा एक गळका पाइप त्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवेल.

लाकडी फळ्यांमधून शेजारचा खोकला ऐकू येतो, सज्जातून जाणारा प्रत्येक जण खोलीत डोकावतो. चाळीत वाढलेल्या माणसाला याचं काहीच वाटणार नाही.

जेवण त्याच पट्ट्यातल्या स्वयंपाकघरात. बांबूचे कोंब, पालेभाजी, खारवलेल्या मोहरीच्या पाल्याबरोबर शिजवलेलं डुकराचं मांस, आणि इवल्याशा कपांतून न संपणारा चहा. आपल्याकडच्या गाडीवरच्या हाक्का नूडल्स मात्र शोधायला जाऊ नका. तो कोलकात्यात स्थायिक झालेल्या चिन्यांचा, आपल्या जिभेला रुचेलसा केलेला प्रकार. शाकाहारी असाल तर भाजी कशात परतली आहे तेही विचारा, बहुतेक वेळा डुकराच्या चरबीतच असते. चिनी येत नसेल तर मोबाइलवरचं भाषांतर हाताशी ठेवा.

जायचंच असेल तर शियामेनहून रेल्वेने नानजिंग गाठा, पुढे गाडी करा. दिवसाच्या सहलींच्या बस संध्याकाळी परततात, त्यामुळे मुक्काम केला तरच गाव नीट पाहता येतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळा. चीनच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, सज्जात पाय ठेवायला जागा मिळायची नाही.