टेबल फुटणार हे धरूनच चाला

लॉगिनचा कोड लिहायला बसलात की आधी एक विचार करा: आपलं युजर टेबल, म्हणजे लोकांची खाती आणि पासवर्ड ठेवलेला तक्ता, उद्या कुणी उचलून नेलं, तर त्याच्या हाती काय लागेल?

"आम्ही पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवतो," असं काही जण छाती फुगवून सांगतात. एन्क्रिप्ट म्हणजे किल्लीने पुन्हा उलगडता येईल असं कुलूपबंद. मला तिथेच धास्ती वाटते. २०१३ साली ॲडोबीचा डेटा फुटला, तेव्हा पासवर्ड एन्क्रिप्टच केलेले होते. किल्ली बाहेर आली नव्हती. पण सगळ्यांना किल्ली एकच आणि पद्धत ईसीबी, म्हणजे सारख्या मजकुराचं सारखंच सांकेतिक रूप देणारी, त्यामुळे ज्यांचा पासवर्ड सारखा, त्यांच्या रकान्यातली अक्षरंही सारखीच. वर शेजारी पासवर्डची हिंट, चक्क उघड्या मजकुरात. शंभर जणांचा रकाना जुळला आणि त्यातल्या एकाची हिंट बाळबोध निघाली, की शंभरही जणांचा पासवर्ड कळला. कुलूप तोडायची गरजच पडली नाही.

म्हणून हॅश, म्हणजे पासवर्डचं उलट फिरवता न येणारं रूप, आणि प्रत्येकाला वेगळा सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी पासवर्डात मिसळायचा यादृच्छिक मजकूर. संगणकतज्ज्ञ मॉरिस आणि थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संदर्भात हे १९७९ सालीच लिहून ठेवलंय. सॉल्ट लपवावा लागत नाही. तो हॅशच्या शेजारीच राहतो.

आता हॅश कुठला? शा-२५६ उत्तम आहे, पण या कामाला नाही. तो वेगवान आहे, आणि ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला कोट्यवधी अंदाज तपासून होतात. आपल्याला मुद्दाम संथ काहीतरी हवं. बीक्रिप्ट १९९९ सालचं, अजून चालतं. त्याची साठवलेली ओळ एकदा नीट बघा: ६० अक्षरं, त्यात आवृत्ती, कॉस्ट (किती संथ चालायचं तो आकडा), सॉल्ट आणि हॅश, सगळं आलं. कॉस्ट १२ म्हणजे ४०९६ फेऱ्या. १३ केलात की दुप्पट. मात्र पासवर्डातलं ७२ बाइटच्या पुढचं ते बघत नाही, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट खातं. नवीन काम असेल तर सरळ आर्गॉन२आयडी ही नवी संथ हॅश पद्धत घ्या. जुने हॅश बदलायचे कधी? माणूस लॉगिन करतो तेव्हा खरा पासवर्ड क्षणभर तुमच्या हातात असतो, तेव्हाच.

या संथपणाने एक नवी फट पडते. ईमेल टेबलात नसेल आणि तुम्ही तिथूनच माघारी फिरलात, तर उत्तर चटकन जातं. असेल तर हॅश तपासण्यात वेळ जातो. निरोप दोन्हीकडे "ईमेल किंवा पासवर्ड चुकला" असाच असला, तरी कुणाचं खातं आहे याची घड्याळ चुगली करतं. म्हणून ईमेल नसेल तेव्हाही एखादा खोटा हॅश तपासून घ्यायचा, म्हणजे वेळ सारखाच लागतो.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं बंद करा, लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ साली तो आग्रह सोडला. त्यापेक्षा आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा.

आणि "पासवर्ड विसरलात?" ची लिंक. तिचा टोकन, म्हणजे लिंकमधला गुप्त संकेत, हा तात्पुरता पासवर्डच, पण तो टेबलात उघडा ठेवलेला मी वारंवार पाहतो. त्याचाही हॅशच ठेवा. इथे मात्र शा-२५६ चालेल, कारण टोकन लांबलचक आणि यादृच्छिक असतो. अंदाजाने तो सापडायचा नाही. तासाभरात तो मरू द्या, आणि एकदा वापरला की लगेच.